आदिलाबादचे आखूड बोल

पांढरकवडा मागे पडला, पैनगंगेचा पूल ओलांडला की नागपूर-हैदराबाद महामार्ग तेलंगणात शिरतो. पाट्या तेलुगू होतात, पण आदिलाबादच्या बाजारात मराठी काही सुटत नाही. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले, जिल्हा आंध्रात गेला, २०१४ साली तेलंगणात आला. जैनद-बेलाकडची कितीतरी घरे मराठीच बोलत राहिली.

ही मराठी वऱ्हाडी वळणाची. ‘करून राहिला’चे ‘करून रायला’, ‘पाहिजे’चे ‘पायजे’. दोन स्वरांमधला ‘ह’ गळतो. शेवटचा स्वर मात्र कोणी गाळत नाही. रायला, रायली, रायले. बाप्या की बाई, एक की अनेक, हे त्या स्वरावरच कळते ना! शेजारचा तेलुगू माणूस पुस्तकातले ‘वस्तुन्नानु’, म्हणजे ‘मी येत आहे’, तोंडी ‘वस्तुन्ना’ असे आटोपतो. ‘नु’ गेला तरी अडत नाही, कारण ‘तू’साठी ‘वस्तुन्नाव’ वेगळे आहे. आणि आपल्या घरची कन्नड? ‘बरुत्तेने’ असे स्वयंपाकघरात कोण म्हणते? ‘बर्तेनि’ म्हणून आपण मोकळे. याला आळस म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. ऐकणाऱ्याला ज्याची गरज नाही तेवढेच गळते.

उत्तरपत्रिकेत ‘पायजे’ दिसले तर मी खूण करतो. परीक्षा प्रमाण मराठीची असते. पण ‘अशुद्ध’ असा शेरा लिहीत नाही, ‘बोलीतले’ लिहितो. नातू घरी जाऊन आजीचे शब्द दुरुस्त करू लागला की आजी त्याच्याशी कमी बोलू लागते. सीमेवरच्या घरात मराठी शिकवायला आजीशिवाय दुसरे असते तरी कोण?

खुद्द गावाचे जुने नाव एदलाबाद. विजापूरच्या आदिलशहावरून ते पडले असे सांगतात. जुन्या मराठी कागदांतही आदिलशहाचा ‘येदिलशा’ झालेला आढळतो. गोलघुमटाचा धनी, पण मराठी जिभेने त्यालाही सोडले नाही.

एका नावापाशी मात्र मी अडतो. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार झाले, त्यांतला एक कोमरम भीम आसिफाबाद. बोलताना ‘आसिफाबाद’ एवढेच उरते. निजामाशी लढता लढता १९४० साली जोडेघाटला मारला गेलेला गोंड पुढारी नावातून गळतो आणि राहते ती आसफजाही घराण्याची आठवण. बसचे तिकीट मागताना मी नाव पुरते घेतो. कंडक्टर हसतो आणि ‘आसिफाबाद एक’ म्हणत तिकीट फाडतो.