एक हात मोकळा

निकॉनच्या झेड-50 आणि झेड-एफसी या दोन कॅमेऱ्यांत सेन्सर एकच आहे, 20.9 मेगापिक्सेलचा. प्रोसेसर तोच, बॅटरीही तीच. वजनात जेमतेम पाच ग्रॅमचा फरक. एकच लेन्स लावून काढलेले फोटो शेजारी ठेवले, तर कुठला कशातून निघाला हे मला तरी सांगता येणार नाही. तरी मी तीन आठवडे या दोघांमध्ये अडकले होते.

मला लग्नं काढायची नाहीत, पक्षीही नाहीत. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जायची आहे. पुढच्या वर्षी घरं रिकामी करायची. तोवर इथलं रोजचं हवंय: गॅलरीतले वाळते कपडे, दारातल्या चपला, जिन्यातल्या गप्पा. फोन आहेच, पण जिन्यातला अंधार तो उजळून, गुळगुळीत करून टाकतो. आमचा जिना तसा नाही.

झेड-एफसी देखणा आहे, वादच नाही. 1982 च्या एफएम2 वरून बेतलेला. डोक्यावर शटर स्पीडची आणि आयएसओची चकती, अ‍ॅपर्चर दाखवणारी इवलीशी खिडकी. स्क्रीन उलटी मिटवून ठेवता येते, म्हणजे काढलेला फोटो लगेच बघायचा मोह नाही. दुकानात हातात घेतला तर शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "याचा रोल मिळतो का गं अजून?" चंदेरी कॅमेरा बघून माणसं बोलायला लागतात, काळा बघून पदर सावरतात. हा मुद्दा लहान नाही.

पण चाळीत माझे दोन्ही हात मोकळे कधी असतात? जिन्यात एक हात कठड्याला, गॅलरीत दुधाची पिशवी नाहीतर शेजारचं पोर. झेड-एफसी पुढून सपाट, आणि त्याची आयएसओची चकती डावीकडे; मधलं बटण दाबून धरल्याशिवाय ती फिरत नाही. झेड-50 ला खोल ग्रिप आहे. उजव्या तर्जनीनं बटण दाबायचं, अंगठ्यानं चाक फिरवायचं, झालं. वर छोटा फ्लॅशही आहे. (मला फ्लॅश आवडत नाही. पण आमच्या जिन्यातला बल्ब कुणाच्या आवडीनिवडीवर चालत नाही.)

बॉडीत स्टॅबिलायझेशन दोघांतही नाही. म्हणून 2024 मध्ये झेड-50 ची पुढची आवृत्ती आल्यावर मी जुना झेड-50 सेकंडहँड घेतला आणि वाचलेले पैसे 28 मिमी एफ/2.8 लेन्सवर घातले. किटची 16-50 पूर्ण झूमला एफ/6.3 वर जाते. अंधारात हा फरक बॉडीपेक्षा मोठा. चार्जिंगला तेवढी जुनी मायक्रो-यूएसबी केबल शोधावी लागते.

राहिला पदराचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी पोज दिली. दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ते फोटो राहू देत, या चादरीचं एक टोक धर." धरलं, डाव्या हातानं.