डब्याचा हिशेब

काटकसरीची बुद्धि मनुष्यास कोणत्या वयांत सुचावी याला कांहीं नियम नाहीं. आम्हांस ती पंचावन्नाव्या वर्षीं सुचली, आणि तीहि मुलीच्या वसतिगृहाचीं बिलें हातीं पडूं लागल्यावर.

तत्पूर्वीं दुपारच्या जेवणाचा विचार आम्ही कधीं केलाच नव्हता. आम्ही मुलुंडास राहतों व फोर्टांतील एका कॉलेजांत अर्थशास्त्र शिकवितों. सकाळीं साडेसहाला आम्ही घर सोडावें, नऊच्या सुमारास डबेवाल्यानें दारांतून डबा उचलावा आणि साडेबाराच्या आंत तो आमच्या टेबलावर यावा, असा क्रम वीस वर्षें चालला. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं हा उद्योग मुंबईंत सुरू केला. तेव्हांपासून मावळ-मुळशीकडच्या या पांढऱ्या टोपीवाल्या मंडळींनीं किती कारकुनांचे व मास्तरांचे संसार सांभाळले असतील! परंतु मार्च २०२० मध्यें लोकलगाड्याच थांबल्या, तेथें डबे कसे चालणार? दोन वर्षांनीं कॉलेज पूर्ववत् भरूं लागलें, पण आमचा डबेवाला गांवाहून परतला नाहीं. मग आम्ही उपाहारगृहाचा आश्रय केला. तेथील थाळींतल्या तेलाला नांवें ठेवीत ती थाळी संपविणें हा आमचा परिपाठ होऊन बसला.

बिलें आलीं तेव्हां आम्ही वही काढली. थाळीचे ९० रुपये. घरच्या डब्याचें सामान फार तर ३५ रुपयांचें. कामाचे दिवस २२०. वर्षाकांठीं १२,१०० रुपयांची बचत! शिवाय डबा आम्हीच पिशवींतून नेणार, तेव्हां डबेवाल्याचे पैसेहि वांचले. हा शोध आपल्याला इतक्या उशिरां कां लागला याचें आम्हांस नवल वाटलें.

खरें सांगावयाचें तर पैशापेक्षां त्या डब्याची गोडीच अधिक होती. प्राध्यापकांच्या खोलींत साडेबाराला एकदम सात-आठ झांकणें उघडतात आणि पांच मिनिटें कोणी कोणाशीं वाद घालीत नाहीं. असा चमत्कार आमच्या कॉलेजांत एरवीं घडत नसतो. गणिताच्या प्राध्यापकांची शेंगदाण्याची चटणी, रसायनशास्त्राच्या बाईंचें कैरीचें लोणचें आणि आमच्या डब्यांतील वालाचें बिरडें यांना विशेष मागणी. बिरड्याची स्तुति आम्ही मोठ्या विनयानें स्वीकारीत असूं. वाल आदल्या दिवशीं भिजवावे लागतात, त्यांना मोड आणावे लागतात आणि मग एकेक दाणा सोलावा लागतो, हें आम्हांस ऐकून माहीत होतें.

सहा महिन्यांनीं वही आम्ही पत्नीपुढें ठेवली. तिनें चष्मा लावून ती नीट वाचली.

“सामान पस्तीस रुपये, ठीक आहे. करणारीचे काय लावलेत?”

आम्ही हंसलों. ती हंसली नाहीं.

“अहो, डबेवाला नऊला यायचा, तेव्हां मी साडेसातला कणीक मळायला घेत असें. आतां पांचाला उठतें. त्याला पैसे देत होतां, त्यांत माझी झोप येत होती. ती वांचली म्हणून लिहिलीत तुम्ही.”

पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा एक दाखला आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहों. घरकामास ठेवलेल्या पगारी बाईशीं मालकानें लग्न केलें, तर काम तेंच राहतें, पण राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटतें. मुलें हंसतात, आम्हीहि हंसतों, आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतों. भारत सरकारनें २०१९ सालीं केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामांत रोज सरासरी २९९ मिनिटें जातात, तर तें करणाऱ्या पुरुषांचीं ९७, असें आढळलें. हे आंकडेहि आम्ही फळ्यावर लिहिले आहेत. त्या ९७ मिनिटांतलीं आमचीं किती, असें विद्यार्थ्यांपैकीं कोणी विचारलें नाहीं, हें आमचें भाग्य.

मंगळवार व शुक्रवार हे दोन दिवस आम्ही आमच्याकडे घेतले. पहिल्या मंगळवारीं कणीक इतकी सैल झाली कीं पीठ घालतां घालतां ती चौघांपुरती झाली. आंतल्या खोलींतून “तेल आधीं तापूं द्या” असा आवाज आला. म्हणजे तिची झोप अजूनहि वांचलेली नव्हती. त्या दुपारीं आम्ही डबा पुढें करतांच गणिताच्या प्राध्यापकांना एकाएकीं उपवास आठवला. रसायनशास्त्राच्या बाईंनीं भाजीचा एक घांस घेतला आणि पाणी मागितलें. आम्ही अर्धा डबा कसाबसा संपवून उपाहारगृहांत गेलों व निमूटपणें थाळी मागविली.

वहींत आतां तासांचा एक नवा रकाना आंखला आहे. पत्नीच्या अक्षरांतल्या आंकड्यांनीं तो भराभर भरत चालला आहे. मंगळवारचे ते ९० रुपये कोणत्या रकान्यांत मांडावे याचा निर्णय मात्र अजून झालेला नाहीं, आणि ते मांडल्यावांचून वही तिच्यापुढें ठेवण्याचा आम्हांस धीर होत नाहीं.