डोकं गेलेला स्क्रू

काकांची आरएक्स-१०० चढावर ओरडायची फार आणि पुढे जायची कमी. क्लच प्लेटा घासल्या होत्या, त्या बदलायच्या, एवढंच काम. इंजिनाच्या उजव्या अंगाचं झाकण उघडायचं, जुन्या प्लेटा काढायच्या, नव्या घालायच्या. "तुला चालवायला शिकायची आहे ना? मग आधी ती आतून बघ," म्हणून काकांनी मलाही बरोबर घेतलं. ग्वाल्हेर स्टेशनातून बाहेर पडून फूलबागेकडे, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीकडे निघालं की मध्ये पडाव लागतो. तिथल्या पुलाजवळच्या एका गॅरेजमध्ये आम्ही सकाळीच गाडी लावली. जेवायला लष्कर भागातल्या घरी परत, असा हिशेब होता.

झाकणाला कडेकडेने चौफुलीच्या खाचेचे स्क्रू होते. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर गॅरेजवाल्या उस्तादांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. मग त्यांनी एकेका स्क्रूच्या डोक्यात सुईने मळ उकरला. खालच्या बाजूच्या दोघांच्या खाचा कुणी तरी आधीच घासून गुळगुळीत केल्या होत्या. त्यांच्या कडेने पांढरी भुकटी बाहेर आली होती. मला वाटलं, चुना असेल. "ये गल गया है," उस्ताद म्हणाले, आणि हातोडी मागवली.

इथून पुढे मला काही कळेनासं झालं. उघडायच्या वस्तूवर हातोडी कशाला? जाड, बुटका, पोलादी असा एक ड्रायव्हर आला, त्याचं नाव इम्पॅक्ट. त्याचं टोक खाचेत बसवायचं आणि पाठीवर ठोकायचं. आत अशी तिरकी घडण असते की घाव बसला की टोक खाली दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडंसं फिरतंही. साध्या ड्रायव्हरने जोर लावला की टोक वर चढतं, खाचेच्या भिंती खरवडतं आणि बाहेर येतं. इथे घावच त्याला खाली धरून ठेवतो. शिवाय त्या हादऱ्याने आट्यांमधली पकड तडकते. ठक्, ठक्, आणि वरचे स्क्रू एकामागोमाग सुटत गेले.

खाचेचंही एक गुपित निघालं. माझ्या डोक्यात एकच प्लस होता. पण अमेरिकेत १९३० च्या दशकात आलेली फिलिप्सची खाच वेगळी आणि जपानी मापाची वेगळी. दिसायला जुळ्या बहिणी. फिलिप्सचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत पोचतच नाही, वरच्या वर अधांतरी फिरतं. जपानी मापाच्या स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो, तीच ओळख. ही गाडी जपानी यामाहाच्या आराखड्याची, एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणलेली आणि १९९६ पर्यंत बनवलेली. म्हणजे इतक्या जुन्या या गाड्यांमध्ये किती जणांनी घरचा ड्रायव्हर घालून खाचा उडवल्या असतील, देव जाणे.

राहिले खालचे दोन. उस्तादांनी त्यांवर गंज सोडवायचं तेल मारलं आणि चहा मागवला. तेल आट्यांत झिरपायला वेळ द्यावा लागतो, आणि हे वाट बघणं हाही कामाचाच भाग आहे हे मला पटायला एक कप पुरला नाही. मग ते स्क्रूंकडे परतले आणि मला म्हणाले, "बिटिया, पहले कसो." आधी आवळ? सोडवायचा स्क्रू आवळायचा? हो. केसभर आवळायचा, मग केसभर सैल करायचा, पुन्हा आवळायचा. गंजाची पकड कुठल्याही दिशेने एकदा तुटली की झालं. दिशेबद्दल माझा आधीच गोंधळ होता, त्यात गाडीखाली वाकून खालून बघायचं म्हणजे उजवं-डावं सगळं उलटं. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हेही उस्तादांनी याच वेळी सांगून ठेवलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

तरीही ते दोघे हलेनात. तेव्हा गॅसची बत्ती आली. पेट्रोलची टाकी आधीच काढून लांब, रस्त्यापलीकडच्या ओट्यावर ठेवलेली होती, ती का, ते आता कळलं. मी म्हटलं, तापवल्यावर धातू फुगणार, मग भोक आणखी लहान नाही का होणार? काका गप्प. काकांनाही हाच प्रश्न होता, असा मला दाट संशय आहे. उत्तर असं की भोकाभोवतीचा धातू सगळीकडून वाढतो, त्यामुळे भोकाचा घेरही वाढतो. आणि झाकण, इंजिनाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू पोलादाचा. १०० अंश तापवलं तर मीटरभर अ‍ॅल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढतं, पोलाद जेमतेम १.२. आजी लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण गरम पाण्यात धरते, तोच न्याय. सहा मिलिमीटरच्या भोकात हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो, पण पकड सुटायला तेवढा पुरतो.

धोका एकच. पोलाद तापलं की लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम तसं काही सांगत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याहूनही आधी, आणि रंग न बदलता एकदम बसतं. म्हणून उस्ताद मध्येमध्ये पाण्याचा थेंब टाकून तो कसा उडतो ते बघत होते. मग गरम स्क्रूच्या कडेला मेणबत्ती टेकवली. पातळ मेण आट्यांत शोषलं गेलं. त्या पांढऱ्या भुकटीचा अर्थही याच वेळी लागला. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून, मध्ये पाणी, की विजेच्या घटासारखं काम सुरू होतं आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्याचीच ती राख. ग्वाल्हेर काही कोकण नव्हे, इथे हवा कोरडी. पण पावसाळी चिखल आणि धुलाईचं पाणी साचतं ते नेमकं या खालच्या स्क्रूंपाशी.

एक सुटला. दुसऱ्याचं डोकं उडालं. माझं तोंड उतरलं, पण उस्ताद खूश दिसले. डोकं गेलं म्हणजे झाकणाचा दाब गेला. झाकण उचललं तेव्हा स्क्रूचा बुडखा थोडा बाहेर राहिला होता. ताण गेला की असे बुडखे पुष्कळदा पक्कडीने सहज फिरतात म्हणे. हा फिरला नाही, पृष्ठभागालगत तुटला.

तेव्हा शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने तुटक्या टोकावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्ड मारला. मी डोळे मिटले, कारण मला वाटलं, आता स्क्रू, नट, इंजिन सगळं मिळून एकच गोळा होणार. झालं उलटंच. पोलादाचा वेल्ड पोलादाला धरतो, अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. शिवाय वेल्डची आग थेट स्क्रूच्या गाभ्यात जाते. निवल्यावर नटाला पाना लावला आणि तो स्क्रू मुकाट बाहेर आला. आटे शाबूत होते. एरवी ड्रिल मारून, नवे आटे पाडून, आत स्प्रिंगसारखी तार बसवावी लागली असती.

क्लच प्लेटा? त्या तर चहा निवायच्या आत बदलून झाल्या.

झाकण बसवताना नवे स्क्रू एलन-कीचे, म्हणजे षटकोनी खाचेचे आणले. उस्तादांनी प्रत्येकाच्या आट्यांना ग्रीस लावलं आणि चावी लांब टोकाला न धरता आखूड टोकाला धरून आवळली. या जाडीच्या स्क्रूला दहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकावर साधारण पाच किलोचा जोर. काकांनी "एकेक पीळ आणखी देऊ" म्हणून चावी मागितली. उस्तादांनी ती खिशात घातली.

मग ते गाडीच्या डाव्या बाजूला गेले, मॅग्नेटोच्या झाकणावर वाकले, सुईने खाच उकरली आणि पांढरी भुकटी बोटावर घेऊन काकांना दाखवली.

"ही बाजू दिवाळीनंतर बघू," काका म्हणाले.