बॉम्बनंतरचं पाणी

पंचेचाळिशीला टेकलेला, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस इशानंतर कॉम्प्युटरवर गेम खेळतो, हे कळलं की लोक दोन प्रकारे बघतात. काहींना वाटतं मास्तर बिघडले. काहींना वाटतं, पोरांवर नजर ठेवायला बसत असतील. खरी गोष्ट साधी आहे. माझ्या भाच्याने २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर ‘फॉलआउट’ ही मालिका पाहिली. ती ज्या गेमवरून काढली ते गेम त्याने एकेक करून खेळायला घेतले, आणि त्यातले इंग्रजी संवाद लांबलचक असल्यामुळे मला शेजारी ओढलं. पुढे मीही खेळायला लागलो. आठवीतली माझी मुलगी अभ्यास आटोपून मागे उभी राहते. या गेमवर आमच्या घरात जेवढी वादावादी झाली, तेवढी एखाद्या कादंबरीवर झालेली मला आठवत नाही. वाद सुरू होतो बंदुकीवरून आणि येऊन थांबतो पाण्यावर.

ज्यांनी हे गेम पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फॉलआउट म्हणजे अणुस्फोटानंतर आभाळातून खाली येणारी किरणोत्सारी धूळ. मालिकेतला पहिला गेम १९९७ मध्ये आला, दुसरा १९९८ मध्ये. मग मालकी बदलली आणि २००८ मध्ये तिसरा, २०१० मध्ये ‘न्यू व्हेगास’, २०१५ मध्ये चौथा, २०१८ मध्ये ‘सेव्हन्टी-सिक्स’ असे गेम येत गेले. सगळ्यांची कथा एकाच जगातली. २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होतं आणि काही तासांत सगळं संपतं. त्याआधीची अमेरिका मात्र १९५० च्या दशकातल्या जाहिरातींसारखी दाखवली आहे. मोटारगाडी अणूवर चालते, घरातला नोकर-यंत्रमानवही अणूवर चालतो, आणि जो तो हसतमुख. काही थोडे लोक जमिनीखाली बांधलेल्या मोठ्या तळघरांत शिरून वाचतात. या तळघरांना ‘व्हॉल्ट’ म्हणतात. त्यातली बरीचशी माणसं वाचवायला बांधलेलीच नव्हती, कोंडलेल्या माणसांवर प्रयोग करायला बांधली होती, हे हळूहळू कळत जातं.

पहिल्या गेमची गोष्ट २१६१ सालची. तेरा नंबरच्या व्हॉल्टमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची एक चिप बिघडते. तुम्हाला बाहेर पाठवतात आणि सांगतात, दीडशे दिवसांत दुसरी चिप शोधून आण. वाटेत एका बाजारपेठेच्या गावी पाण्याचे व्यापारी भेटतात. त्यांना पैसे देऊन आपल्या व्हॉल्टकडे पाणी रवाना केलं की मुदत शंभर दिवसांनी वाढते. राक्षस, बंदुका, टोळ्या हे सगळं आहेच, पण गोष्टीचा कणा आहे तो पाण्याचा.

ती चिप सापडते नेक्रोपोलिस नावाच्या पडक्या शहरात. तिथे राहतात ते ‘घूल’, म्हणजे किरणोत्साराने कातडी झडलेली आणि तरीही जिवंत राहिलेली माणसं. इथे माझ्यातला उर्दूचा शिक्षक जागा झाला. हा शब्द इंग्रजीत अरबीतून गेला आहे, आणि आपल्या फारसी-उर्दूतही ‘गूल-ए-बयाबानी’ आहे : रानात वाटसरूला चकवून त्याचा घात करणारं भूत. कोकणात त्याला चकवा म्हणतील. गेममध्ये मात्र उलटं घडतं. इथे घात करू शकतो तो वाटसरू. कारण या घूलांचं पाणी त्याच चिपवर चालतं. ते ज्या व्हॉल्टमध्ये शिरले होते त्याचं दार मुद्दाम नीट बंद न होणारं बनवलेलं होतं, म्हणून तर त्यांची ही दशा झाली. आता त्यांच्याकडे उरलेली एक चिप तुम्ही उचलली तर ते तहानेने मरतील. शहराखालच्या गटारात राहणारे घूल तुम्हाला सांगतात, चिप ने बाबा, पण आधी आमचा मोडलेला पंप दुरुस्त करून दे.

भाच्याने चिप उचलली आणि सरळ निघाला.

मुलगी म्हणाली, “आणि त्येंचो पंप?”

तो म्हणाला, “आपली माणसां मरत होती. मी पंप दुरुस्त करीत बसलंय असतंय, तर आपल्यांका कोण वाचवतलो?”

“पण त्येंका कोणी इचारल्यान?”

एवढंच बोलणं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं, माझ्या खालाच्या घरी, साखरी नाट्यात.

साखरी नाटे आमच्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, राजापूर तालुक्यात. विजयदुर्ग सोडून वर गेलं की तो टापू लागतो. मुसलमान मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. जवळच माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प व्हायचा होता : प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे ९,९०० मेगावॅट. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पर्यावरणाची मंजुरी मिळाली. डिसेंबरमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष भारतात आले असताना फ्रेंच कंपनीशी करार झाला. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा घडलं. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिल २०११ ला, नाट्यात आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार गेला.

खालाच्या घरी तेव्हा जी चर्चा चालायची ती अणूच्या भयाची फारशी नव्हती. ती पाण्याची होती. भट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणार आणि तापलेलं पाणी परत समुद्रात सोडणार. मग मासळी थांबेल का? सरकारी बाजू सांगत होती की तापमानातला फरक मर्यादेत राहील, भीतीचं कारण नाही. कदाचित तसंच असेल, मी शास्त्रज्ञ नाही. पण खालूंचं म्हणणं वेगळं होतं. माडबनवाल्यांची जमीन जाणार, म्हणून त्यांना नोटिसा आल्या, मोबदल्याची बोलणी झाली, पुढे २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांचा आकडाही ठरला. नाटेवाल्यांची जमीन जात नव्हती. त्यांचा समुद्र होता, आणि समुद्राचा सातबारा नसतो. खालू म्हणायचे, “आमका कोणी इचारल्यानच नाय.”

अणुभट्टी आजही तिथे उभी राहिलेली नाही. आणि मला एकतर्फी बोलायचं नाही. वीज कुणाला नको? माझ्या वर्गातल्या मुलांचे भाऊ नोकरीसाठी कतार-कुवेतला जातात. इथे काही उभं राहिलं तर राहतील, असं त्यांच्या आयांना वाटतं. भाच्याचंही म्हणणं खोटं नाही. त्याच्या व्हॉल्टमधली माणसं खरोखर तहानलेली होती. गरज खरी असली की दुसऱ्याचा पंप दिसेनासा होतो, हीच तर अडचण आहे. वाईट माणसाची गोष्ट सोपी असते.

न विचारण्याचा आणखी एक प्रकार या गेमच्या बाबतीत आपल्याच देशात घडला. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तिसरा गेम जगभर विक्रीला येत होता, तेव्हा मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की भारतातल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेचा विचार करून तो इथे आणला जाणार नाही. कुणाची भावना, कशामुळे दुखावणार, हे सांगितलं नाही. लोकांनी अंदाज बांधला की गेममधल्या दोन डोक्यांच्या गाईमुळे असेल, कारण तिथे तिला ‘ब्राह्मिन’ म्हणतात. अमेरिकेत वशिंडाच्या गुरांच्या एका जातीला ‘ब्राह्मन’ म्हणतात. ती जात भारतातून नेलेल्या गुरांपासून तयार केली : गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची. म्हणजे सांगलीकडची गाय अमेरिकेला गेली, तिथे नाव बदललं, गेममध्ये तिला दोन डोकी फुटली, आणि परत यायला मात्र तिला बंदी.

जपानमध्ये त्याच गेमचं काय झालं बघा. त्यात एक गाव आहे, न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती वसलेलं. खेळणाऱ्याने ठरवलं तर तो बॉम्ब फोडता येतो. जपानी आवृत्तीत ती सोय काढली आणि ‘फॅट मॅन’ नावाच्या हत्याराचं नाव बदललं, कारण नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं ते नाव. हिरोशिमा-नागासाकीच्या देशात हा बदल का केला हे कुणालाही कळतं. आपल्याकडे दुखणं कुठे आहे हे न सांगताच औषध बंद केलं गेलं. मुसलमान म्हणून मला हे चांगलं ओळखीचं आहे. आमच्या भावना कशाने दुखावतात हे आम्हाला न विचारता ठरवणारे दोन्हीकडे भरपूर आहेत, आमच्यातलेही. आणि आमच्याविषयी काही बनवतानाही विचारण्याची पद्धत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या २००९ मधल्या गेममध्ये कराची शहर आहे. त्यातल्या पाट्या अरबीत आहेत. उर्दूच्या कुठल्याही शिक्षकाने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

त्यामानाने फॉलआउट निदान प्रश्न विचारतो. तिसऱ्या गेममध्ये गावाच्या वेशीवर तहानलेला भिकारी बसलेला असतो. त्याला शुद्ध पाणी दिलं की तुमच्या खात्यात ‘कर्म’ वाढतं, हा आपल्याकडचाच शब्द. भाचा पुन्हा पुन्हा पाणी देऊन कर्म वाढवत होता. मी म्हटलं, अरे, हा सदका झाला की धंदा? गेमला नियत दिसत नाही. आपल्याकडे सगळा हिशेब नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर. मोहर्रममध्ये सबील लागते, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी-सरबत पाजतात, कारण कर्बलाला फरातच्या काठावर पाणी अडवलं गेलं होतं. उर्दू मर्सियात ती तहान शतकानुशतकं सांगितली जाते. पाणी अडवणं म्हणजे काय हे आमच्या पोरांना गेमच्या आधीपासून माहीत आहे.

एका गोष्टीत मात्र माझं या गेमशी पटत नाही. बॉम्बनंतर माणसं लगेच टोळ्या करून एकमेकांना लुटायला निघतात, असं तो धरून चालतो. वस्त्या उभ्या राहतात, पण लुटारू प्रत्येक वळणावर. आम्ही छोटा प्रलय पाहिलेला आहे. २०२१ मध्ये १४ मेला ईद झाली आणि १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. देवगडला होड्या बुडाल्या, खलाशी गेले. आमच्याकडे माड आडवे झाले, खांब मोडले, आणि वीज कित्येक दिवस आली नाही. पंप बंद. मे महिना, विहिरींनी तळ गाठलेला. आमच्या मोहल्ल्यात दोर-पोहऱ्याने पाणी काढता येईल अशी एकच बाव उरली होती, मशिदीची. बाकी सगळ्यांनी बावीवर जाळी टाकून पाइप सोडले होते.

शेजारच्या गाबितवाड्यातल्या बायाही कळशा घेऊन आल्या. पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी एकजण टेम्पोत टाकी घालून आला आणि भरू लागला. भांडण झालं, आवाज चढले. बंदूक नव्हती, पण गेममधला प्रसंग जवळ आला होता. तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायांनी तिथेच उभं राहून नियम घातला : आधी पिण्याचं, घरटी दोन कळशा, मग उरलं तर बाकी. वजू एका तांब्यात. टाकीवाल्यालाही दोन कळशा मिळाल्या. त्यालाही घर होतंच. नियम टिकला, कारण तो घालताना सगळे बावीवर हजर होते.

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत तीन गोड्या बावी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. शाळेची सहल नेली की मुलं तटावर धावतात आणि तोफा कुठे आहेत विचारतात. मी त्यांना आधी बावीपाशी नेतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी हे बेट किल्ल्यासाठी निवडलं तेव्हा तटाआधी पाण्याचा विचार झाला असणार, नाहीतर तटाच्या आत राहणार कोण?

भाच्याशी वाद अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, दीडशे दिवसांच्या घाईत सगळ्यांना विचारत बसलं तर काम होत नाही. मी म्हटलं, पंप दुरुस्त करायला गेममध्ये किती वेळ लागतो ते बघ. त्याने पाहिलं. सुटे भाग त्याच गटारात पडलेले असतात. ते शोधायचे आणि दुरुस्ती येत असेल तर जोडायचे. दीडशे दिवसांतला एक दिवससुद्धा जात नाही.