गुहागरची आगरे आणि मोरीमागची केळ

चिपळूणला गुहागरची एसटी धरली, की सुमारे ४५ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता संपवून तुम्ही थेट समुद्राशेजारी उतरता. व्याडेश्वराचे दर्शन घ्या, पुळणीवर पाय भिजवा. पण आपण शेतकरी माणसे. एवढ्यावरच माघारी फिरू नका. एखाद्या घरी विचारून मागच्या दारी जा. आपल्या कामाचे शिकण्यासारखे आहे ते तिथे.

गावाचा मुख्य रस्ता समुद्राला धरून लांबच लांब जातो आणि दोन्ही हातांना घरे आहेत. समुद्राकडच्या घरांचे मागचे दार उघडले, की आगर सुरू होते आणि पुळणीपाशी संपते. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. खाली केळी, अळू, मिरवेल अशी दाटी.

आता मूठभर माती उचलून आपल्या काळ्या रानाशी ताडून पाहा. बोटांतून रेती निसटते. त्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. वरून घातलेले खत या पावसात खाली झिरपून जाते. अशा रेतीला सेंद्रिय पदार्थ सतत घालत राहावे लागते, तेव्हा कुठे ओल आणि अन्न टिकते. म्हणून शेणखताच्या जोडीला घरातले टाकाऊ काही बाहेर जाऊ द्यायचे नाही, ही इथली जुनी रीत.

मोरीपासून चालू लागा. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी केळीकडे आणि अळवाकडे जाते. चुलीची राख नारळाच्या आळ्यात पडते. नारळाला पालाश फार लागते आणि लाकडाच्या राखेत ते असते. झाड महिन्याला साधारण एक झावळी टाकते, तिचा झाप किंवा आच्छादन होते. नारळाची सोडणे आळ्यात पुरतात. ती पाणी शोषून धरतात. मासळी साफ केल्यावर उरलेली डोकी-खवले बुंध्यापासून दूर, हातभर खोल पुरली जातात, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. फणसाची चारखंडे गुरांपुढे जातात आणि शेण होऊन परत येतात.

मात्र ही साखळी आता तुटू लागली आहे. पर्यटक वाढले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली, खरकटे वाढले. भांड्यांना पूर्वी राख होती, आता साबणाची पावडर. उष्ट्याबरोबर प्लास्टिकची पिशवी आली, की त्या ढिगाचे खत होत नाही. गुरे मात्र ती पिशवी खातात. आणखी एक काळजी विहिरीची. रेताड जमिनीत पाणी उथळ असते. कचरा विहिरीजवळ कुजू दिला, तर त्याचा निचरा आपल्याच पिण्याच्या पाण्यात उतरतो.

दुसरा धोका गेंड्या भुंग्याचा. नारळाचा शेंडा पोखरणारा हा किडा शेणाच्या आणि कुजक्या ढिगात अंडी घालतो. म्हणजे निष्काळजीपणे ठेवलेला उकिरडा बागेचा शत्रूच पोसतो. ढीग अधूनमधून वरखाली करून जाड पांढऱ्या अळ्या वेचून माराव्यात. मेटाऱ्हायझियम ही उपयोगी बुरशी ढिगात मिसळल्यास अळ्या रोगाने मरतात.

आता तुमच्या घरचे पाहू. तुमच्याकडे नारळ नसेल. पण परसात शेवगा, पपई, लिंबू, दोन वांगी असतीलच. विहिरीपासून दूर, सावलीत, तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असे दोन खड्डे घ्या. एक भरेपर्यंत दुसरा कुजतो. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, कुस्करलेली अंड्याची टरफले एका थरात टाका. त्यावर दुप्पट वाळला पाला, मूठभर माती आणि थोडा शेणकाला. नुसते ओले टाकले तर ते सडते, वास येतो, माशा होतात. वाळला पाला घातल्याने हवा खेळती राहते. वर पोते झाका. पावसाळ्यात पाणी आत येणार नाही असा आडोसा करा. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत मिळेल.

लोणच्याचा खार, तेलकट रस्सा आणि साबणाचे पाणी भाजीच्या वाफ्यात नको. ताज्या साली थेट बुंध्याशी टाकू नका. मुंग्या येतात, कुजताना बुरशी आणि उष्णता होते. उरलेली भाकरी आधी गुरा-कोंबड्यांना द्या, पण बुरशी आलेली देऊ नका. ती खड्ड्यात घाला.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आहे. पण ओले-सुके वेगळे ठेवले, तर एका हंगामातच काम होते. त्याची सुरुवात चुलीजवळ होते आणि तिथला कारभार घरच्या लक्ष्मीच्या हाती. तेव्हा तिच्यावर आणखी एक काम टाकू नका, बंधूंनो. खड्डा तुम्ही खणा, पाला मुलांना गोळा करू द्या. आज संध्याकाळी चुलीजवळ दोन भांडी ठेवा: एक ओल्यासाठी, एक प्लास्टिक आणि काचेसाठी. पुढचे काम माती करील.