खेकड्याला आल्याची सोबत

शरदाच्या अखेरीस सुझोऊहून निघून दक्षिणेला ग्वांगझू आणि तिथून डिसेंबरात चेंगडू, असा माझा मार्ग होता. यिन-यांगचा विचार या वाटेवर ताटातच भेटतो, आणि माझ्या मते तो पदार्थ वर्ज्य करण्यापेक्षा त्यांची जोडी जमवायला शिकवतो. सुझोऊजवळच्या यांगचेंग तलावातले खेकडे याच दिवसांत भरतात. चिनी वैद्यक खेकड्याला थंड, म्हणजे यिनकडचा मानतं. म्हणून कुणी तो टाळत नाही, उलट त्याची वर्षभर वाट पाहतात. मात्र शेजारी आलं घातलेला व्हिनेगर आणि कोमट केलेली शाओशिंगची तांदळाची दारू हवी, आणि शेवटी आल्याचा गरम काढा. आलं आणि दारू यांगकडची. त्यांच्या सोबतीने खेकडा बाधत नाही, अशी धारणा आहे.

कर्कवृत्ताजवळच्या दमट ग्वांगझूत काळजी नेमकी उलटी. लिची किंवा तळण जास्त झालं, तोंड आलं, की लोक गल्लीतल्या दुकानात उभ्याउभ्या कडू वनस्पतींचा ‘लिआंगचा’ पितात. चीनने 2006 साली त्याला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चेंगडूचा हिवाळा ओलसर, ढगाळ. तिथे मिरची, आपल्या तिरफळाच्या कुळातली ह्वाजिआओ आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी मटणाचं गरम सूप.

कुणी म्हणेल, आवड आधी होती, तत्त्वज्ञान मागाहून चिकटवलं. मिरची तर अमेरिकेतली, चीनमध्ये सोळाव्या शतकात आलेली! आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. सिचुआनच्या लोकांना झणझणीत, सुवासिक चव आवडते, ही नोंद चौथ्या शतकातल्या ‘ह्वायांग ग्वोझी’ या ग्रंथात सापडते. म्हणजे दमट हवेला उष्ण मसाल्याने उत्तर देण्याची रीत मिरचीच्या कितीतरी आधीची. नव्या पाहुणीला तिथे तयार जागा मिळाली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यिन कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. खरंच येत नाही. पदार्थ थंड की उष्ण हे खाल्ल्यावर अंगाला काय जाणवतं यावरून पिढ्यांनी ठरवलं, आणि तेच ऋतूप्रमाणे, माणसाप्रमाणे बदलतं. आपल्याकडे पपई उष्ण आणि कोकम थंड ठरलं ते याच वाटेने. अशा अनुभवावर रोजचं ताट विश्वासाने बेतावं. मधुमेहावर किंवा न उतरणाऱ्या तापावर मात्र काढ्याच्या दुकानात उपाय नाही, तिथे डॉक्टरच गाठावा.