उलटी अक्षरं

माझा बा शाळेत गेला नाही. तरी सिनेमाच्या पाटीवरची दोन-चार अक्षरं त्याला ओळखता यायची. तीही उलटी.

गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. आमच्या माणसांना पडद्याच्या मागं बसवायचे. तिकीट मात्र तेवढंच. कापडातून उजेड पार व्हायचा, चित्र दिसायचं, पण डावं ते उजवं. नावाची पाटी उलटी. राजाची तलवार डाव्या हातात. बा म्हणायचा, "समदे राजे डावखुरेच असतेत." तो हे हसत सांगायचा. मला कधी हसू आलं नाही.

१९८४ साली मी नांदेडात फोटो धुवायचं काम करीत होतो. डार्करूमच्या अंधारात दिवस जायचा. नामांतराचा प्रश्न धुमसत होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. (नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही विस्तार करून.) सभा होत होत्या. पण माय सभेतून आली की म्हणायची, "भाषन डोस्क्यावरून जातंय. काईतरी दाव की बाबा."

तर दाखवायचं ठरवलं. दोन जुने स्लाइड प्रोजेक्टर मिळाले. एस.टी.च्या टपावर चढंल एवढी पेटी करायची होती. गोम अशी की दोन फूट रुंद चित्र हवं तर माझ्या भिंगाला पाच फूट लांब जावं लागे. पाच फुटांची पेटी कोण कंडक्टर घेईल? मग उजेड मधेच मोडायचा. पेटीच्या तळाशी आरसा तिरका बसवला, प्रोजेक्टर उलट्या तोंडानं एकावर एक ठेवले आणि पेटी तीन फुटांत आली. पुढच्या तोंडाला ट्रेसिंगचा कागद ताणून लावला. म्हणजे प्रोजेक्टर कागदाच्या मागं, माणसं पुढं. मागून टाकलेलं चित्र पुढून उलटं दिसतं. पण मधे एक आरसा असला की पुन्हा सुलटं होतं. हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मी बाचं नाव एका स्लाइडवर लिहून पेटीत टाकलं. सरळ दिसलं. बा तोवर गेला होता.

साधा आरसा चालत नाही. काचेच्या मागं मुलामा असतो म्हणून प्रत्येक अक्षराला सावली पडते. वरून मुलामा दिलेला आरसा हैदराबादहून आणवला. दोन्ही चित्रं एकावर एक बसावीत म्हणून वरच्या प्रोजेक्टरखाली काडेपेटी सरकवली. एक चित्र दुसऱ्यात विरघळावं यासाठी दोन्ही भिंगांपुढं पत्र्याची दातेरी पट्टी. ओढली की एक झाकतं, दुसरं उघडतं. ही काही माझी अक्कल नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिका दाखवली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, जोडीला संवाद आणि गाणी. सिनेमा यायच्या आधीची गोष्ट. कसब मोठंच. पण त्यांच्या काचांवर रामायण-महाभारत होतं. आमची माय त्यात कुठं असणार? १९५९ साली मॉस्कोत अमेरिकेनं सात पडद्यांवर आपली सुबत्ता दाखवली, हे पुढं वाचलं. आमचा पडदा एक, दोन फुटांचा.

माझ्या पेटीत २० मार्च १९२७ चं महाडचं तळं होतं, आणि ते विरघळून आमच्या गावची विहीर व्हायची. विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभी माय. कुणी वाढायची वाट बघत.

आवाजही तिचाच. दोन बाजूंचा टेपरेकॉर्डर होता. एका बाजूनं मायचं बोलणं लोकांना, दुसऱ्या बाजूनं माझ्या कानात टिचकी. पेल्यावर चमचा मारून भरलेली. टिचकी आली की पट्टी ओढायची. साठ स्लाइडा, अठरा मिनिटं.

नांदेडात एका वस्तीत पहिला खेळ. सुरू होताच एक म्हातारा उठला आणि पेटीच्या मागं जाऊन बसला.

"आजा, मागं काई दिसत न्हाई. फळ्या हायेत."

"मग आमी कुटं बसावं?"

"म्होरं."

तो पुढं आला. बसला मात्र कडंला.

लातूर तेव्हा नुकता वेगळा जिल्हा झालेला, १९८२ ला. अहमदपूरच्या पुढं एका गावी पेटी नेली. वस्तीत वीज नव्हती. गावातल्या एकाच्या घरून वायर ओढली. त्यानं आधी होकार दिला होता. महाडचं तळं आलं, मी पट्टी ओढली, विहीर उजळू लागली आणि सगळं काळं झालं. गावात दिवे तसेच जळत होते.

टेपरेकॉर्डर मी सेलवर चालवत असे, व्होल्टेजचा भरवसा नव्हता म्हणून. तो चालूच राहिला. प्रोजेक्टरच्या पंख्यांची घरघर थांबल्यामुळं मायचा आवाज आधी कधी आला नव्हता इतका स्वच्छ आला. माझ्या कानात टिचक्या पडत होत्या. हात सवयीनं पट्टी ओढत होता. कुणी उठलं नाही. एका बाईनं रडणारं लेकरू पदराखाली घेतलं. माय विहिरीचं सांगत होती, मग जळालेल्या घरांचं, मग माझ्या शाळेचं. शेवटी टेप खट्टकन थांबला.

अंधारातून एक पोरगं म्हणालं, "पुन्हा लावा."

पुन्हा लावला. दुसऱ्या खेपेला सेल उतरले, मायचा आवाज जाड आणि संथ होत गेला. सकाळी अहमदपूरला उतरून मी सहा नवे सेल घेतले.